फ्रिस्कचा रंग कोणी ठरवायचा?

टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ हा व्हिडिओ गेम सप्टेंबर २०१५ मध्ये आला. फ्रिस्क हे त्यातले मुख्य पात्र पडद्यावर अगदी थोड्या पिक्सेलमध्ये मावते: पिवळी त्वचा, तपकिरी केस, पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर आणि मिटल्यासारखे डोळे. ते मूल मुलगा आहे की मुलगी, कोणत्या वंशाचे आहे, हे खेळात कुठेही सांगितलेले नाही. त्याचे नावसुद्धा विशिष्ट मार्गाने खेळ पूर्ण केला तरच शेवटी कळते. ही मोकळी जागा चाहत्यांनी आपल्या चित्रांत मनसोक्त वापरली. कुणाच्या चित्रात फ्रिस्क कुरळ्या केसांचे कृष्णवर्णीय मूल असते, कुणाच्या चित्रात पूर्व आशियातले, कुणाच्या चित्रात लॅटिन अमेरिकेतले, आणि यांपैकी एकही चित्र खेळाशी विसंगत ठरत नाही. मूळ पात्र बिघडवल्याची तक्रार करणाऱ्यांना मला एवढेच विचारावेसे वाटते, की ती पिवळी त्वचा एखाद्या गोऱ्या मुलाचीच आहे हे तुम्हाला कुणी सांगितले? खेळात नसलेल्या गोष्टीची भर तेही घालतच असतात. फक्त आपण भर घालत आहोत हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

पात्राचे ‘मूळ रूप’ तरी पुष्कळदा नाइलाजाने ठरलेले असते. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी नायकाला टोपी दिली ती केस रेखाटणे टाळण्यासाठी, आणि मिशी दिली ती तेवढ्याशा पिक्सेलमध्ये तोंड दाखवणे अवघड होते म्हणून. मारिओ हे नाव आणि इटालियन प्लंबर ही ओळख त्याला नंतर मिळाली.

तरीही सगळेच बदल मी एका मापाने मोजत नाही. २०१९ मध्ये ‘पोकेमॉन सोर्ड’ आणि ‘पोकेमॉन शील्ड’ या खेळांतली नेसा ही जिम लीडर (खेळाडूला जिला लढतीत हरवावे लागते अशी आखाड्याची प्रमुख) प्रथम दिसली, तेव्हा काही चाहत्यांनी तिला मूळच्यापेक्षा बरीच उजळ रंगवली आणि ट्विटरवर मोठा वाद पेटला. फ्रिस्कच्या बाबतीत रंग अनिर्णित होता. नेसाची गडद त्वचा मात्र निर्मात्यांनी विचारपूर्वक निवडलेली होती, आणि अशा त्वचेची ठळक पात्रे त्या मालिकेत मुळात थोडीच होती. महाभारतातली सावळी द्रौपदी कॅलेंडरांवर गोरीपान झालेली पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातली खोच वेगळी समजावून सांगायला नको. मात्र चित्र पटले नाही म्हणून सांगणे वेगळे आणि चित्रकाराच्या मागे झुंडीने लागणे वेगळे. त्या वादात दुसरा प्रकारही घडला, आणि त्याचे समर्थन मला करता येत नाही.

काही वेळा उणीव हेतूत नसून हातात असते. गडद त्वचेवर प्रकाशाची चकाकी अधिक ठसठशीत दिसते, आणि उजेड दाखवण्यासाठी मूळ रंगात नुसता पांढरा मिसळत गेले की त्वचा राखेसारखी निस्तेज होते. हे सरावाने शिकावे लागते. याच्या उलट बाजूलाही आळस आढळतो: त्वचेचा रंग तेवढा गडद करून केस, नाक आणि ओठ जसेच्या तसे ठेवणारी चित्रे मला अर्धवट वाटतात, त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी.

मला सर्वांत भावतात ती खेळ बारकाईने वाचून काढलेली चित्रे. ‘ओव्हरवॉच’ या २०१६ च्या खेळातली सिमेट्रा, म्हणजेच सत्या वास्वानी, ही हैदराबादची. तिला अंजली भिमानी या भारतीय वंशाच्या अमेरिकी अभिनेत्रीचा आवाज आहे. तिच्यावरच्या एका कॉमिकमध्ये आपण इतरांपेक्षा वेगळ्या आहोत याविषयी ती स्वतः बोलते. त्यावरून अनेक चाहत्यांनी तिला स्वमग्न (ऑटिस्टिक) मानले आणि तिची चित्रे व कथा त्याच दृष्टीने रचल्या. पुढे २०१७ मध्ये खेळाचे दिग्दर्शक जेफ कॅपलन यांनी एका चाहत्याच्या पत्राला उत्तर देताना ती स्वमग्न असल्याला दुजोरा दिला. ते उत्तर आले नसते तरी ती चित्रे तितकीच खेळाला धरून राहिली असती, कारण त्यांचा आधार कॉमिकमधल्या सिमेट्राच्याच शब्दांत होता.