काखेतल्या गाठीनं दिलेली साक्ष

सोलापुरात गड्ड्याची जत्रा ऐन भरात होती. होम मैदानावरचे भोंगे माझ्या पॅथॉलॉजी लॅबपर्यंत ऐकू येत होते. तेवढ्यात एक मुलगी आईचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, घेऊन आली. आई विड्या वळणारी, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं. आधीच्या रिपोर्टात हर-टू या प्रथिनाची तपासणी निगेटिव्ह. "मॅडम, केमोच्या डॉक्टरांनी परत बघायला सांगितलंय."

पहिली स्लाइड लावली आणि पोटात गोळाच आला. कडेच्या पेशी बऱ्या, मधल्या पार विरघळल्यासारख्या. स्तनातली गाठ न कापता अख्खीच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, टाकलेली असणार. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. तोवर मधलं सगळं नासतं. अशा तुकड्यावरचा 'निगेटिव्ह' मी मानत नाही.

सोबत काखेतल्या गाठीचा, म्हणजे कॅन्सर पसरलेल्या लसिकाग्रंथीचा, ब्लॉक होता. छोटी गाठ, त्यामुळे नीट टिकलेली. तिच्यावर हर-टू दाखवणारा डाग पुन्हा चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर प्रत्येक कॅन्सरपेशीभोवती जाड, गडद तपकिरी कडं, कुठेही न तुटलेलं, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखं. थ्री प्लस, म्हणजे ठाम पॉझिटिव्ह.

हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन. त्याची भावंडं बाहेरून वाढीचा निरोप आला की जागी होतात. हे मात्र कायम जोडीदाराला हात द्यायला तयार. जनुकाच्या प्रती वाढल्या की पेशीवर त्याची इतकी दाटी होते की निरोपाशिवायच जोड्या जमतात आणि आत एकच हुकूम सुटत राहतो: विभागत राहा, मरू नकोस. पेशींची एकमेकींवरची पकडही सुटत जाते. कॅन्सर काखेत पोचला होता, तो असाच.

"म्हणजे वाईट आहे का?" मुलीनं विचारलं.

"जात आक्रमक आहे, बाळा. पण हिच्यावर नेमकं औषध आहे." ट्रास्टुझुमॅब १९९८ पासून वापरात आहे, ते याच प्रथिनाला बाहेरून धरतं. आता भारतात बनलेलंही मिळतं. 'निगेटिव्ह' तसंच राहिलं असतं तर मावशींना ते कुणी दिलंच नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सर्जनना फोन केला. गाठ काढल्याबरोबर सेंटिमीटरभराचे काप द्या, दहापट फॉर्मॅलिन घाला, वेळ लिहा. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून आलेल्या बरणीवर पट्टी होती: काढली ११.१०, फॉर्मॅलिन ११.२०.