आत्यांनी विचारलंच नाही

आज आत्यांनी ‘तुझ्यापुरती एक टाकू का गं?’ असं विचारलं नाही. परातीत पीठच बेताचं घेतलेलं. मामांच्या, ह्यांच्या, पोराच्या भाकऱ्या झाल्या आणि तवा उतरला. मी वजनासाठी किटो धरलंय, म्हणजे भाकरी-भात-साखर जवळपास बंद आणि तूप-पनीर चालू. शेजारी माझं पनीर परतत उभी होते, आणि एकदम घशाशी काहीतरी आलं.

रोज विचारायच्या तेव्हा मीच वैतागायचे. नाही म्हटलं तरी एक जास्तीची व्हायचीच, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. आजही विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते. मग लागलं कशाला?

वजनकाट्याचा राग असेल. ६८.४ किलोवर जो बसलाय तो हलायला तयार नाही. सुरुवातीला कसं भराभर उतरलं होतं! त्यातलं बरंचसं पाणी होतं, हे तेव्हाही माहीत होतं. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, एकेका ग्रॅममागं तीनेक ग्रॅम पाणी असतं, कार्ब्स, म्हणजे पिठातली-साखरेतली कर्बोदकं, तोडले की दोन्ही जातं. माहीत असूनही नवी पेठेत जाऊन एक माप लहान कुर्ता घेतला. तो कपाटात आहे. त्याच्याबद्दल आज नको.

वजन का अडलं म्हणून थायरॉइड तपासून झालं, ठीक आहे. चरबी जळताना तयार होणारे कीटोन लघवीत दाखवणाऱ्या पट्ट्या आधी जांभळ्या व्हायच्या, आता जेमतेम गुलाबी होतात. पण त्यावरून किटोसिस, म्हणजे शरीराचं चरबीवर चालणं, मोडलं असं होत नाही. शरीर कीटोन वापरायला सरावलं की बाहेर कमी टाकतं, आणि पाणी भरपूर प्यायलं तरी रंग फिका येतो. सोलापूरच्या ह्या उन्हात पाणी न पिता राहायचं कुणी? मुळात हा आहार १९२१ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टर वाइल्डरांनी फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला. माझ्या कमरेचा घेर त्यांच्या डोक्यात नव्हता.

राहता राहिली शेंगाचटणी. शेंगदाणे किटोत बसतात, शंभर ग्रॅममध्ये फायबर वजा करून सात-आठ ग्रॅम कार्ब्स. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी! आणि आमची चटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, वर दही. चमचा कुठं थांबला हे त्या वाटीला विचारावं. शिवाय वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते. आधीच्या मला जेवढं लागायचं तेवढंच आत्ताच्या मला दिलं तर ते पुरून उरतं. म्हणजे कमी झाल्याची शिक्षा म्हणून अजून कमी खा. छान आहे न्याय.

पण मी परत भाकरीशीच येते. एका भाकरीत तीस-पस्तीस ग्रॅम कार्ब्स, माझे दिवसाचे वीस. गणितानं आत्या बरोबर आहेत. त्यांनी माझी भाकरी बंद केली म्हणजे माझं म्हणणं मानलं. ह्या घरात माझं म्हणणं मानलं जावं म्हणून मी किती... जाऊ दे. मानलं तर हे असं वाटतंय. पंगतीत पान मांडायचं राहून गेल्यासारखं.

संध्याकाळी न राहवून विचारलंच. “आत्या, आज मला विचारलं नाहीत?”

“तू खात न्हाईस की. रोज तुझी शिळी सकाळी मलाच खावी लागती. दूध घालून, गूळ घालून. पोटाचा नगारा झाला बघ माझ्या.”

मला आधी हसूच फुटलं. म्हणजे मी सोडलेलं सगळं ह्या घरात मुक्कामालाच होतं, फक्त माणूस बदललं. घराचं एकूण वजन तेवढंच! म्हटलं, चला, बघू तरी, काट्यावर उभ्या राहा. तर म्हणाल्या, असले चाळे तू कर, मला पोथी वाचायचीय.

उद्यापासून चटणी तोलून, पंधरा ग्रॅम. सोन्याचा असावा तसा छोटा काटा ऑनलाइन मागवलाय. मामांनी विचारलं तर केकसाठी आहे म्हणून सांगणार. मग केक कधी, असंही ते विचारतीलच.