माझा अनुभव: अभंगांच्या अल्बमचं पोस्टर

गाणी मास्टर होऊन आलेली असतात, कव्हर तयार असतं, आणि मग निरोप येतो: ‘तेच जरा मोठं करून पोस्टर द्या.’ पण कव्हर हा चौकोन आहे. ३००० × ३००० पिक्सेलचा, हातातल्या मोबाइलवर वीतभर अंतरावरून बघायचा, आणि अल्बमचं नाव तिथे खाली टाइप केलेलं असतंच. शिवाय त्यावर वेबसाइटचा पत्ता, किंमत किंवा क्यूआर कोड टाकला तर ऐकण्याच्या अ‍ॅपवाले ते परत पाठवतात. पोस्टर उभं असतं, दहा फुटांवरून वाचायचं असतं, आणि त्याला सगळं स्वतःच सांगावं लागतं. म्हणून दोन्हींच्या फाइली मी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवतो. सामायिक राहतात ते रंग आणि नावाची अक्षरं.

हा अल्बम अभंगांचा होता. अशा अल्बमची लगबग आषाढीला नाही, पालखी प्रस्थानाला सुरू होते. देहू-आळंदीहून पालख्या निघतात त्या एकादशीच्या जवळपास तीन आठवडे आधी, आणि लोकांच्या कानांत अभंग तेव्हापासूनच असतात. पोस्टर प्रस्थानाच्या आधी आठवडाभर लागलेलं हवं. तिथून उलट मोजलं की छपाई, प्रूफ, मजकुराची मंजुरी आणि फोटो यांना मिळून महिना लागतो. त्यातला निम्मा वेळ मजकूर हातात येण्यातच जातो, ते वेगळं.

डिझाइन उघडण्याआधी पहिला फोन प्रेसला करतो. कागदाचं माप तिथे ठरतं. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईला, २३ × ३६ इंचाचा कागद सहज मिळतो, तो अर्धा केला की १८ × २३. त्यातून मशीनची पकड आणि चारी बाजूंची कटाई जाऊन १७ × २२ इंचाचं पोस्टर नीट निघतं. परदेशी टेम्प्लेट उचलून १८ × २४ करून बसलात तर त्या एका इंचासाठी मोठा कागद घ्यावा लागतो आणि उरलेला रद्दीत जातो. शे-सव्वाशे प्रती हव्या असतील तर ऑफसेटच्या वाटेला जातच नाही, कारण चार रंगांच्या चार प्लेटांचा खर्च प्रती शंभर असोत की हजार, तेवढाच. तेव्हा डिजिटलवर १३ × १९ च्या शीटवर १२ × १८ काढून घेतो. कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आर्ट पेपर पुरतो. उघड्या व्हरांड्यात लावायचं असेल तर १७०, नाहीतर पावसाळी हवेत कडा गुंडाळतात.

मजकूर एका कागदावर लिहून घेतो, तोही निर्मात्याच्या सहीनिशी. अल्बमचं नाव, गायक, संगीतकार, ‘अभंग: संत तुकाराम, संत जनाबाई’ अशी संतांची नावं, प्रकाशनाची तारीख आणि वार, कुठे ऐकायचं. एवढंच. पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे गेलं की ते पोस्टर राहत नाही, लग्नपत्रिका होते. वादक, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग यांची श्रेयनामावली खाली एका पट्टीत, आणि तिचा क्रम सहीच्या कागदात लिहिलेला असेल तसाच. हा क्रम तोंडी ठरवला की छापून झाल्यावर भांडणं होतात. तारीख आणि वार कॅलेंडर उघडून जुळवायचे. ही चूक नजरेतून सर्वांत सहज सुटते, कारण सगळे चित्राकडे बघत असतात.

चित्राचं म्हणाल तर अभंग म्हटलं की वीणा, टाळ आणि पंढरपूरच्या कळसाची काळी आकृती ठरलेली. वीणा घ्यायला माझी हरकत नाही, पण ती वारकऱ्याची हवी. फोटो विकणाऱ्या साइटवर ‘वीणा’ शोधलं की मांडीवर आडवी घेतलेली, पडद्यांची सरस्वती वीणा येते. दिंडीतला विणेकरी गळ्यात अडकवलेली, बारीक दांडीची वीणा छातीशी उभी धरतो. पखवाजाचंही तेच. बाजूला लाकडी गठ्ठे आणि डाव्या पुडीवर कणीक दिसली तर तो आपला पखवाज. गठ्ठे नसतील तर बहुधा दक्षिणेतला मृदंगम् आहे. यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, चित्र काढून घेतलं तर टाळाची दोरी भलत्याच बोटातून निघते आणि वीणेच्या तारा मध्येच संपतात. हे डिझायनरला दिसत नाही. भजनी मंडळातल्या माणसाला पहिल्या नजरेत दिसतं, आणि अल्बम ऐकणारा तोच आहे.

फोटो स्वतः काढून घेणं म्हणूनच स्वस्त पडतं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरला की ४००० × ६००० पिक्सेल मिळतात. १७ इंच रुंदीला ४००० भागिले १७, म्हणजे २३५ डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके). पुस्तकी नियम ३०० चा असला तरी पोस्टरला २०० च्या वर काहीही चालतं. तोच फोटो कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की १२०० × १६०० च्या आसपास उरतो, म्हणजे ७० डीपीआय, आणि गायिकेच्या पापण्यांचे चौकोन दिसायला लागतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं मी प्रत्येकाला सांगतो. निम्मे ऐकत नाहीत.

या पोस्टरमध्ये शेवटी एकच टाळ घेतला, अगदी जवळून, पितळेवरच्या ओरखड्यांसह. बाकी जागा अक्षरांना. मराठी पोस्टरचं खरं चित्र अक्षरच असतं.

नावात ‘विठ्ठल’ होतं, आणि या एका शब्दात देवनागरीची बहुतेक दुखणी एकत्र सापडतात. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा मजकूर-पर्याय (‘वर्ल्ड-रेडी’ नावाचा) चालू नसेल तर पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन पडते आणि जोडाक्षर सुटं होतं. तो चालू केला की पुढचा प्रश्न ‘ठ्ठ’चा. काही फॉन्टांत तो पाय मोडून शेजारी शेजारी येतो, काहींत एकाखाली एक. उतरंडीचा ‘ठ्ठ’ दिसायला देखणा, पण खालच्या ओळीत वर मात्रा किंवा वेलांटी असली की तिच्यात घुसतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट ठेवून, मग हातानं एकेक ओळ वर-खाली सरकवतो.

मग ‘ल’. बऱ्याच फॉन्टांत डीफॉल्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सांगितलेले आहेत, आणि नियम बाजूला ठेवला तरी अभंगाच्या पोस्टरवर हिंदी वळणाचा ‘ल’ डोळ्यांना खुपतो. फॉन्टात मराठी रूप असलं तरी प्रोग्रामला मजकुराची भाषा मराठी असल्याचं सांगावं लागतं, नाहीतर ग्लिफच्या, म्हणजे फॉन्टातल्या सगळ्या अक्षररूपांच्या, यादीतून ते हातानं उचलायचं. ‘तिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ही कटकट नाही, त्यात मराठी वळणंच आहेत. खालच्या पट्टीसाठी ‘मुक्ता’ घेतो. तिला सात वजनं (अक्षरांच्या जाडी) आहेत आणि बारीक मापातही तिच्या अक्षरांतल्या मोकळ्या जागा शाईने भरत नाहीत. श्रीलिपीच्या (युनिकोडच्या आधीपासूनच्या मराठी टायपिंग प्रोग्रामच्या) जुन्या फाइलीतला मजकूर आला तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून, मूळ कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून घेतो. बदलताना रफार आणि ‘ऱ्य’ हमखास बिघडतात.

अक्षरं पसरट दिसावीत म्हणून त्यांच्यातलं अंतर वाढवायचा मोह टाळा. इंग्रजीत ते खुलतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटून दातांच्या फटीसारखी दिसते. नावाला बाहेरून रेघ मारायची असेल तर आणखी एक खड्डा आहे. देवनागरी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. सरळ रेघ दिली की प्रत्येक सांधा उभ्या रेषेने उघडा पडतो. म्हणून आधी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलायची, मग कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’, इलस्ट्रेटरमध्ये ‘युनाइट’. कोरलमध्ये ‘वेल्ड’ऐवजी ‘कम्बाइन’ दाबलं तर जिथे अक्षरं एकमेकांवर चढली होती तिथे बारीक पांढरी छिद्रं पडतात. स्क्रीनवर ती दिसत नाहीत, छापल्यावर दिसतात.

मापाचा माझा हिशेब दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. ही उंची पॉइंटवरून काढू नका. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच खरं, पण त्यात वरची मात्रा आणि खालचा उकार यांची जागाही मोजलेली असते. शिरोरेषेखालचं अक्षर त्याच्या निम्मं, काही फॉन्टांत थोडं जास्त. म्हणून नावाचा तुकडा खऱ्या मापात साध्या ए-४ कागदांवर छापतो, चिकटपट्टीने जोडतो, भिंतीवर लावतो, पट्टीने मोजतो आणि दहा पावलं मागे जातो. नाव लगेच वाचता आलं, पाच पावलांवरून गायक आणि तारीख, आणि जवळ गेल्यावर बाकीचं, तर मांडणी जमली. गायकाचं नाव अल्बमच्या नावाशी भांडत असेल तर माप कमी करत नाही, वजन कमी करतो. नावाजलेली माणसं मापाबद्दल जास्त हळवी असतात.

रंग बुक्का, गोपीचंदन आणि भगवा, एवढेच. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा छपाईत येत नाही हे आधीच सांगून ठेवतो. मी मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) ६५ ते ७० टक्के, पिवळा १००, बाकी शून्य असा बांधतो. त्यात निळ्याचे चार-पाच टक्के जरी राहिले तरी तो विटकरी दिसतो, आणि आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, फाइल छपाईच्या रंगांत आपोआप बदलली की नेमके तेवढे राहतात. मोठ्या काळ्या जागेसाठी नुसता काळा १०० राखाडी वाटतो, म्हणून खाली निळा ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० देतो. एकूण २४० टक्के शाई झाली, कागद ती पेलतो. सगळे शंभर-शंभर केले तर शाई वाळत नाही आणि वरच्या प्रतीच्या पाठीवर उठते. बारीक मजकूर मात्र नुसत्या काळ्याचाच. त्या चौरंगी काळ्यातून पांढरी अक्षरं काढायची असतील तर १० पॉइंटच्या खाली आणि बारीक वजनात काढायची नाहीत. प्लेट केसभर सरकली तरी अनुस्वार बुजतो आणि ‘संत’चा ‘सत’ होतो.

क्यूआर कोड पाच सेंटिमीटरचा, कारण तो साधारण दहापट अंतरावरून, म्हणजे हातभरावरून वाचला जातो. गडद कोड फिक्या जागेवर. उलटा काही फोन वाचत नाहीत. भोवती त्यातल्याच चार बारीक चौकोनांएवढी कोरी जागा. मोफत साइटवरून काढलेला, मधल्या पत्त्यावरून फिरणारा कोड काही दिवसांनी बंद पडू शकतो, तेव्हा भिंतीवर फक्त नक्षी राहते. आणखी एक: प्रकाशनाच्या दिवसाआधी अ‍ॅपवरचं पान बहुतेकदा उघडत नाही. पोस्टर आधी लागणार असेल तर दुवा अशा पानाचा हवा, जे आज ‘अमुक तारखेला’ म्हणेल आणि त्या दिवसानंतर गाण्यांकडे नेईल. कोड अगदी तळाला टाकू नका, लोक वाकत नाहीत. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत घेतलं तर नाट्यगृहातल्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी कोडावर येते.

प्रेसला पीडीएफ देतो, सगळी अक्षरं कर्व्ह केलेली, चारी बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग, आणि कटाईच्या रेषेपासून १० मिलिमीटर आत काहीही महत्त्वाचं नाही. कर्व्ह न करता कोरलची फाइल दिली तर प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि ऑपरेटर जवळचा दिसेल तो लावून मोकळा होतो. प्रूफ कागदावरच बघायचं, तेही दिवसाउजेडी, आणि मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचायचा. मोबाइलसाठी १०८० × १३५० ची वेगळी फाइल. १७ × २२ ला ते प्रमाण जवळचं, त्यामुळे फारशी मोडतोड होत नाही. स्टेटसच्या १०८० × १९२० साठी मात्र सगळं नव्याने रचावं लागतं आणि कोड काढून टाकावा लागतो. ज्या फोनवर कोड दिसतोय त्याच फोनने तो कसा टिपणार?

लावायच्या जागांची यादी छपाईच्या आधी हवी: नाट्यगृहांचे फलक, संगीत वर्ग, वाद्यांची दुकानं, देवळांचे सभामंडप, सगळीकडे विचारून. रस्त्यावरच्या भिंती, विजेचे खांब, विजेच्या डीपीच्या पेट्या हे नाही. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे, आणि पोस्टरवर निर्मात्याचं नाव मोठ्या अक्षरात असल्यामुळे शोधायलाही जावं लागत नाही. नाट्यगृहात फलक मऊ बोर्डाचा आहे की काचेआडचा ते विचारून घ्या. टाचण्या लागणार असतील तर कोपऱ्यातले दोन-दोन सेंटिमीटर मोकळे सोडतो, नाहीतर टाचणी नेमकी तारखेत जाते.