आमची वाटचाल : काटा, कडता आणि लेवीयचा 19 वा अध्याय

2009 साली जालन्यात अंबड रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तुरीची डाळमिल टाकली. आमचं घराणं जालन्याजवळच्या बेथेलचं, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या वस्तीतलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आई यंत्रावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "प्रभू, इथं कुणाचा तळतळाट नको."

धंदा मात्र शिकलो बाजाराच्या रीतीनं. माल काट्यावर आला की बारदाना वजा, वर ओल-कचऱ्याच्या नावानं क्विंटलमागं दोन किलो कडता, म्हणजे वजनात कपात. सगळेच कापत, आम्हीही कापला. दुसऱ्या हंगामात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तुरीचे दाणे मुठीत खुळखुळवले. "मालक, ह्यात ओल कुठं हाय?" आई शेजारीच उभी होती. रात्री तिनं पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा 19 वा अध्याय माझ्याकडून वाचून घेतला. खरा तराजू, खरी वजनं ठेवा, अशी आज्ञा त्याच्या शेवटाला आहे. संडे स्कूलपासून ऐकत आलो होतो, पण ती आपल्या काट्याला लागते हे कधी मनातच आलं नव्हतं.

कडता बंद केला. रिकामं पोतं वेगळं तोलायचं, ओल यंत्रावर मोजायची, आकडा शेतकऱ्यादेखत लिहायचा. वहीत नावं सापडली तेवढ्यांचे पैसे परत केले. बायबलातल्या जक्कय या जकातदारानं लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केलं होतं; आमच्यानं मुद्दलच फिटलं. शंभर किलो तुरीला सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ उतरते, बाकी चुणी-टरफल. त्यात दोन किलो सोडले की त्या साली हाती काही उरलं नाही.

मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवू नका, हेही त्याच अध्यायात आहे. ते काट्यापेक्षा जड गेलं. 2012-13 च्या दुष्काळात उधारी बुडत चालली होती. एका शनिवारी हमालांच्या हप्त्याला, आठवड्याच्या मजुरीला, गल्ल्यात पैसा नव्हता. बायकोनं न बोलता पाटल्या काढून दिल्या, दिवस मावळायच्या आत हप्ता वाटला. तेव्हापासून हप्ता नाहीच, रोजचा रोज हिशेब.

वाळवणाच्या ओट्याखाली सांडलेली तूर आम्ही झाडून घेत नाही. वस्तीतल्या बाया सरवा वेचतात, त्यांचा तो हक्कच; सरवा गरिबांसाठी सोडा, हेही त्याच अध्यायात आहे.

ते म्हातारबाबा आता नाहीत. त्यांचा नातू ट्रॅक्टर घेऊन येतो, काट्याकडं न बघताच पोती उतरवायला लागतो. मी त्याला हाक मारतो, आधी आकडा बघ म्हणतो.