आमची वाटचाल : वस्तू आधी उलटी करा

आम्ही जुन्या वस्तू घेऊन, दुरुस्त करून विकतो; जुन्या बाजाराच्या दिवशी आमचं काम उजाडायच्या आधी सुरू होतं. विक्रेते टेम्पोतून माल उतरवत असतात, अर्ध्या वस्तू अजून चादरीत गुंडाळलेल्या असतात आणि मी नि माझा दादा टॉर्च घेऊन लोकांच्या खुर्च्यांखाली वाकून बघत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, यांचं काहीतरी हरवलंय.

चांगला माल गिऱ्हाईक यायच्या आतच हात बदलतो, कारण विक्रेते एकमेकांकडूनच घेतात. एखाद्याने अख्खं घर रिकामं करून आणलेलं असतं आणि त्याला सगळंच झटपट काढायचं असतं. शेजारच्याला फक्त घड्याळं कळतात, तो त्या ढिगातून घड्याळ उचलतो. त्या तासाभरात तुम्ही तिथे नसलात, तर दुपारी तीच वस्तू चार टेबलं पुढे, घासून-पुसून, चढ्या भावाने मांडलेली दिसते. आम्हालाही दिसायची. पहिली दोन वर्षं आम्ही ऊन वर आल्यावर आरामात जायचो.

सुरुवात एका टेबललॅम्पने झाली. मी तेव्हा हिशेबाची नोकरी करत होते, दादा फर्निचरच्या कारखान्यात होता. मी हौस म्हणून एक बंद पडलेला पितळी दिवा आणला. दादाने कापडी वेष्टणाची कुजलेली वायर काढून नवी घातली, होल्डर बदलला. एक मैत्रीण आली आणि दिवा मागून घेऊन गेली. मग दुसरा, तिसरा. चौथ्या दिव्याचे आम्ही पैसे घेतले आणि दहाव्यापर्यंत नोकरी सोडायची भाषा सुरू झाली. तो पहिला दिवा पितळी म्हणतेय खरी, पण लोखंडावर मुलामा होता. पितळेला चुंबक चिकटत नाही, एवढं शाळेत शिकलेलं असूनही खिशात चुंबक ठेवायची अक्कल नंतर आली.

खरी अक्कल ज्याने दिली तो ग्रामोफोन अजून आमच्या वर्कशॉपमध्ये आहे. मोठा कर्णा, कोरीव काम केलेली पेटी, वर नामांकित कंपनीचं बोधचिन्ह. मी तो पाहताक्षणी घेतला. घासाघीस करताना आवाज कापू नये म्हणून दादाला पुढे केलं, इतकी मी हरखले होते. आठवडाभरात तो विकलाही गेला. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक तो घेऊन परत आले. वयस्कर गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं, पेटी आडवी केली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही ही कधी उलटी करून बघितली होती का?"

नव्हती बघितली. खालची फळी कोऱ्या लाकडाची, वरून काळपट रंग फासलेली. कर्ण्याचा आधार बसवलेले स्क्रू अधिक चिन्हाच्या खाचेचे. ते १९३० च्या दशकात बाजारात आले आणि असले कर्णेवाले ग्रामोफोन त्याच्या कितीतरी आधीच मागे पडायला लागले होते. १९०६ पासून कर्णा पेटीच्या आत लपवलेली यंत्रं निघाली होती. आतली चावीची मोटर मात्र खरी जुनी होती, कुठल्यातरी लहान प्रवासी यंत्रातून काढलेली. अशी जोडकामं जगभर विकली जातात, हे आम्हाला त्या टेबलाशी उभं राहून कळलं. पैसे परत केले. त्या महिन्याचं भाडं दादाच्या बचतीतून गेलं आणि त्याबद्दल तो आजतागायत एक शब्द बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे वस्तू आधी उलटी होते, मग सरळ. समोरची बाजू सगळेच चकचकीत करतात, तळाकडे फारसं कोणी बघत नाही. कप-बशीच्या बुडाशी देशाचं नाव असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने १८९० च्या आयातकराच्या कायद्यात परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखाने छापायला लागले. 'ताब्यातला जपान' अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का दिसला, तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरची आणि १९५२ च्या आतली. चमच्याच्या दांड्यावर ई.पी.एन.एस. असेल तर तो निकेल सिल्व्हरचा आणि वर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. निकेल सिल्व्हरच्या नावात चांदी आहे, अंगात नाही. तांबं, निकेल नि जस्त एवढंच. आणि एकदा 'शंभर वर्षांपूर्वीच्या' दौतीच्या बुडाशी मला खरवडलेल्या बारकोडचा तुकडा सापडला. बारकोड १९७४ साली दुकानात पहिल्यांदा वापरला गेला. विक्रेत्याला दाखवला, तोही हसला आणि दौत पुन्हा तिथेच ठेवली, पुढच्या माणसासाठी.

लाकडाचं खातं दादाचं. तो ड्रॉवर बाहेर काढतो आणि मागच्या न रंधलेल्या बाजूवरून बोटं फिरवतो. करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असतील तर ती यंत्रावरची गोल करवत, सरळ नि वेड्यावाकड्या असतील तर हातकाम असू शकतं. त्याची आवडती युक्ती गोल टेबलाची. टेप काढून तो आधी रेषांच्या दिशेने मापतो, मग आडवं. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. त्यामुळे अखंड फळ्यांचं जुनं गोल टेबल किंचित अंडाकृती झालेलं असतं. दोन्ही मापं बरोब्बर जुळली की दादा टेप खिशात घालतो आणि काही न बोलता पुढे चालायला लागतो. भोकं दिसली तर खाली पांढरट ताजा भुसा आहे का, ते बघतो. भुसा असेल तर कीड जिवंत आहे, आणि एक तसलं कपाट आमच्या अख्ख्या साठ्याला पुरेल.

माझं खातं काच, बेकलाइट आणि भाव. बेकलाइट हे १९०७ मध्ये लिओ बेकलँडने शोधलेलं पहिलं पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक. अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो. बाजारात माणसं रेडिओची बटणं हुंगताना दिसली तर समजून जा. काचेसाठी अतिनील टॉर्च. युरेनियम घातलेली काच त्यात झगझगीत हिरवी उजळते आणि चिनी मातीच्या भांड्यावर नंतर मारलेला रंग वेगळाच डाग होऊन उठतो. भावाबद्दल मात्र माझी पद्धत दादाला पसंत नाही. मी दोष मोजून दाखवत नाही. ज्याने ती वस्तू पहाटे उतरवली, त्याला तिचा तडा माझ्या आधी माहीत असतो. मी एक आकडा सांगते आणि गप्प बसते. जड सामानाकडे तर मी बाजार उठायच्या वेळीच वळते. तेव्हा ते परत टेम्पोत चढवायचं कोणाच्या जिवावर येतं.

काही गोष्टी आम्ही सोडूनच दिल्या. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची जुनी घड्याळं उघडत नाही; त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक कधीच विझलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. जुन्या रंगाचे पाळणे आणि खेळणी शिशाच्या भीतीने घेत नाही. आणि कर्णेवाल्या ग्रामोफोनवर विनाइलची एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी, वाजवून मागणाऱ्यांना हात जोडतो. एलपी १९४८ मध्ये आली ती हलक्या सुईसाठी. या यंत्राची पोलादी सुई नि जड मुंडकं ती नांगरून काढेल.

मागच्या बाजारात अंधारातच एक वाकवलेल्या लाकडाची खुर्ची दिसली. पाठीला एकात एक दोन कमानी, बैठकीचा वेत पार फाटलेला. विक्रेते ओळखीचे काका. "अहो ताई, अस्सल थोनेट आहे, डोळे झाकून घ्या," म्हणाले. मी डोळे उघडे ठेवून ती उलटी केली. थोनेट म्हणजे वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचा कारखानदार मिखाएल थोनेट; त्याची १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची म्हणजे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून घनमीटरभर खोक्यात ३६ खुर्च्या मावत. पण त्याचं पेटंट १८६९ मध्ये संपलं आणि मग कितीतरी कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या. या खुर्चीच्या बैठकीच्या कड्याला आतून कागदी लेबल होतं, उंदराने खाल्लेलं. दीड अक्षर शिल्लक. काका म्हणाले 'टी' आहे. दादा म्हणाला 'जे'ची, म्हणजे दुसऱ्याच कारखान्याच्या नावाची, आडवी रेघ असेल, नाहीतर नुसता डाग. आम्ही ती साध्या जुन्या खुर्चीच्या भावाने घेतली आणि काकांनी तेवढ्याला दिली, त्यावरून त्यांचाही 'अस्सल'वर कितपत विश्वास होता ते कळलं.

ग्रामोफोनवाल्या गृहस्थांनंतर आम्ही प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधतो : मूळचं काय, आम्ही बदललं काय, आम्हाला कळलं नाही काय. तिसऱ्या रकान्याने सुरुवातीला विक्री पडली, मी घाबरून तो काढूनही टाकला होता. दादाने न विचारता पुन्हा छापून आणला. आता लोक आधी तोच वाचतात. दोघांचे आम्ही पाच जण झालो. वेत विणणाऱ्या मावशी सगळ्यात शेवटी आल्या आणि सगळ्यात जास्त काम त्यांच्याकडेच असतं.

त्या रात्री खुर्ची खोलली तर स्क्रू आठच निघाले. दोन ठिकाणी कोणीतरी खिळे ठोकून भागवलं होतं. दादाने मोडक्या फर्निचरमधून वर्षानुवर्षं साठवलेला सपाट खाचेच्या स्क्रूंचा डबा टेबलावर उपडा केला. तासभर जुळवाजुळव केल्यावर एक नेमका बसला, दुसरा जरा आखूड. मी चिठ्ठी पुढ्यात घेतली. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'स्क्रू दहापैकी आठ'. दुसऱ्यात, 'दोन स्क्रू आमच्या डब्यातले, वेत नवा'. तिसऱ्यात, 'कारखाना'. दादा म्हणाला, "आखूड कुठला तेही लिही. मागचा, डावा."