चा, ची, चे बोटाखाली

'राधा केम विथ हिज ब्रदर.' तासगावात सहावी-सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना हे वाक्य वह्यांत हमखास सापडतं. त्यावर लाल रेघ मारून नुसतं 'हर' लिहून देणं मला पटत नाही. पोरांनी इथे डोकं चालवलेलं असतं: भाऊ पुल्लिंगी, म्हणून 'हिज'. आपल्या षष्ठीचा प्रत्यय वस्तूच्या लिंगावर ठरतो. राधाचा भाऊ, राधाची वही, राधाचं दप्तर. इंग्रजी मात्र मालक कोण एवढंच बघते.

मी फळ्यावर 'तिचा' लिहिते आणि 'चा' बोटाने झाकते. उरलं काय? 'ति'. मग 'हर'. 'त्याची'मधला 'ची' झाकला की 'त्या' उरतो, तिथे 'हिज'. एवढं मुलांना पटकन जमतं.

खरी मेख आहे 'आपला'मध्ये. 'राधा आपल्या भावाबरोबर आली' या वाक्यात 'आपल्या'वरून मालक बाई की पुरुष, काहीच कळत नाही. मग पोर शेजारच्या भावाकडे बघून लिंग ठरवतं. म्हणून इंग्रजी करण्याआधी 'आपल्या' खोडून 'तिच्या' लिहायचं, ही सवय मी आवर्जून लावते. व्याकरणाच्या पुस्तकांनी मराठी मुलांसाठी ही पायरी वेगळी द्यायलाच हवी.

दुसरी अडचण मानाची. 'आजोबांची बाग, त्यांची द्राक्षं' याचं मुलं 'देअर ग्रेप्स' करतात. तिथे 'हिज' सांगितलं तर एका मुलीने विचारलं, "बाई, आजोबांना अरेतुरे करायचं?" प्रश्न अगदी रास्त होता. इंग्रजीत या शब्दाला आदरार्थी रूपच नाही, त्यामुळे 'हिज'ने अपमान होत नाही, हे सांगायला मी तास खर्ची घालते.

अ‍ॅपॉस्ट्रॉफीचं, म्हणजे मालकी दाखवणाऱ्या (’) या चिन्हाचं, सोपं आहे. जुन्या इंग्रजीत षष्ठीला 'ईएस' असा प्रत्यय लागायचा. त्यातला 'ई' गळला, त्याची ही खूण. आधी मालक पूर्ण लिहायचा, मग चिन्ह. एक मुलगी असेल तर 'गर्ल', चिन्ह, 'एस'. अनेक असतील तर 'गर्ल्स' आणि पुढे नुसतं चिन्ह. 'चिल्ड्रन'मध्ये 'एस' नसतो, म्हणून चिन्हानंतर तो जोडायचा.

'इट्स'वर मात्र सगळे अडतात. 'हिज'ला चिन्ह देत नाही ना, मग मालकीच्या 'इट्स'लाही नाही. चिन्ह दिलंच असेल, तर ते वाक्य 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून मोठ्याने वाचायला लावते.