१९७४ ची ती भिंत, आणि तिच्या टेप कशा ऐकाव्यात

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या १९७४ च्या कार्यक्रमांच्या आठवणी निघाल्या की बोलणं गाण्यांवरून हमखास स्पीकरांवर येतं. साहजिकच आहे. सहाशेहून जास्त स्पीकर, सुमारे ७५ टन वजन, २६,४०० वॅट. आणि हे सगळं वादकांच्या पाठीमागे रचलेलं. पण ही 'वॉल ऑफ साउंड', म्हणजे आवाजाची भिंत, लक्षात राहिली ती आकारामुळे कमी आणि स्वच्छपणामुळे जास्त. बँडचा ध्वनितंत्रज्ञ ऑउस्ली स्टॅन्ली आणि अलेम्बिक या ध्वनिसामग्रीच्या कंपनीतल्या मंडळींचा हट्ट एकच होता: प्रत्येक वाद्य शेवटच्या रांगेतही सुटं ऐकू आलं पाहिजे.

त्यासाठी त्यांनी वाद्यं एकमेकांत मिसळलीच नाहीत. नेहमीच्या पद्धतीत बेस (खर्जाची गिटार), गिटार, गळा सगळं एकाच स्पीकरमधून जातं. बेसच्या संथ, मोठ्या हालचालीवर स्पीकरच्या त्याच पडद्याला गायकाचा आवाजही काढावा लागतो. मग गळा बेसच्या तालावर थरथरतो आणि मुळात नसलेले सूर तयार होतात. मोठ्या कार्यक्रमात आवाज 'गढूळ' होतो तो बऱ्याचदा यानेच. भिंतीत प्रत्येक वाद्याला आपले ॲम्प्लिफायर आणि आपले स्पीकर. बेसवादक फिल लेशच्या बेसच्या तर चारही तारांना वेगळी वाट करून देता येत होती. ॲम्प्लिफायर मॅकिन्टॉशचे एमसी २३००, दर चॅनेलला ३०० वॅटचे. आवाज कमी-जास्त करणं वादकाच्या हातात. प्रेक्षकांत बसून सगळ्यांचं मिश्रण करणारा कुणी नाही.

स्पीकर उभ्या खांबांत रचण्यालाही कारण होतं. एकट्या स्पीकरपासून अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो; उंच खांबाच्या बाबतीत, खांबाच्या उंचीवर ठरणाऱ्या एका टप्प्यापर्यंत, ३ डेसिबलनेच. म्हणून पुढच्यांचे कान न फोडता मागच्यांपर्यंत पोहोचता येतं. खर्जाला मात्र खांब फारच उंच लागतो. बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तिची लहर आठ मीटरांहून लांब. बेसचे खांब इतके उंच का होते, ते यातून कळतं.

आता माइक. खरी गंमत इथेच आहे. स्पीकर गायकाच्या पाठीमागे, म्हणजे माइकच्या तोंडावर. भिंतीचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून साध्या माइकने पहिल्या सेकंदालाच शिट्टी मारली असती. त्यावर उपाय असा: दोन सारखे माइक एकावर एक, ६ सेंटीमीटर अंतरावर, एकाची जोडणी उलटी. गायचं फक्त वरच्यात. भिंतीचा आवाज दोघांवर सारखाच पडतो आणि वजा होतो. गळा वरच्यात जास्त पडतो, तो उरतो.

कागदावर हे सुरेख आहे. पण हिशेब करून पाहा. ओठ वरच्या माइकपासून २ सेंटीमीटरवर असतील तर खालच्या माइकवर सुमारे एक तृतीयांश आवाज पडतो. वजाबाकीनंतर बराच शिल्लक राहतो. तेच ओठ १५ सेंटीमीटर मागे गेले की दोन्ही माइकमधला फरक जेमतेम ७-८ टक्के. गायक स्वतःच वजा होतो. त्यातही खर्ज आधी जातो, कारण लांब लहरी दोन्ही माइकवर जवळजवळ एकाच वेळी येतात. त्या वर्षीच्या कार्यक्रमांच्या टेपवर गळा पातळ, कधी डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे आहे. टेप खराब आहे असं समजू नका. शिवाय वरून येणारा आवाज दोन माइकवर थोडा मागेपुढे पोहोचतो, त्यामुळे वरच्या पट्टीत वजाबाकी फसते. गळ्याचे स्पीकर तर डोक्यावरच टांगलेले!

वाट तरी कुठे सरळ होती. ९ फेब्रुवारी १९७३ ला स्टॅनफर्डमध्ये सुरुवातीच्या जुळणीचे ट्वीटर (वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर) पहिल्याच गाण्यात उडाले. पूर्ण भिंत उभी राहिली २३ मार्च १९७४ ला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेस सभागृहात. त्या कार्यक्रमाची जाहिरातच 'साउंड टेस्ट' अशी होती. उभारायला इतका वेळ लागायचा की रंगमंचाचे सांगाडे दोन ठेवावे लागले: एकावर कार्यक्रम, तोवर दुसरा पुढच्या गावी. असा खर्च किती दिवस झेपणार? ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात पाच रात्री झाल्या आणि भिंत उतरली.

टेप ऐकताना एक भेद पक्का ध्यानात ठेवा. बोर्डावरून, म्हणजे माइक आणि वाद्यांचे सिग्नल थेट घेऊन केलेल्या टेपमध्ये भिंत नसते, कारण तो सिग्नल स्पीकरपर्यंत पोहोचलेलाच नसतो. तिथे माइकचे दोष तेवढे येतात, भिंतीचे गुण येत नाहीत. भिंत ऐकायची तर प्रेक्षकांतून केलेलं ध्वनिमुद्रण घ्या, खरखरीसकट. सिएटलच्या २१ मे १९७४ चं ४६ मिनिटांचं 'प्लेइंग इन द बँड' हे गाणं दोन्ही प्रकारांत मिळालं, तर हा फरक पाच मिनिटांत कळेल.

आणि आधी वेग तपासा. बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर सेल उतरले की हळू चालायचा. ती टेप आज नीट वेगाने लावली की पट्टी चढते, तीही शेवटाकडे जास्त. टेपवर विजेची गुणगुण उतरली असेल तर काम सोपं. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची असते. स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या आलेखात) ती ६१.८ वर दिसली तर टेप ३ टक्के जास्त वेगात आहे, म्हणजे पट्टी अर्ध्या स्वराच्याही निम्म्याने चढलेली, वेग ९७.१ टक्क्यांवर आणा. एकदाच मोजून थांबू नका. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं मोजा. फक्त ६० च्या जागी १२० ची रेघ ठळक दिसत असेल तर ती दुपटीची आहे, तिच्यावरूनही हाच हिशेब करता येतो आणि आकडा जास्त नेमका मिळतो.

२० ऑक्टोबरच्या तिकिटांवर 'द लास्ट वन' असा शिक्का होता. बँड सोडून गेलेला दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट त्याच रात्री परत वाजवायला बसला. ती टेप वेग दुरुस्त करून ऐका, आणि दुसरे ड्रम कुठून सुरू होतात ते कानांनी शोधा.